वेबपृष्ठाची द्विस्थानी घडण : बोलींच्या शब्दसंग्रहाच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

बोलींच्या अभ्यासाची साधने गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटली आहेत. पूर्वी क्षेत्रकार्यातून गोळा झालेली सामग्री चिठ्ठ्यांवर उतरत असे. चिठ्ठ्यांचे खोके विभागाच्या कपाटात राहत आणि त्यांतील काही भाग यथावकाश कोशरूपाने मुद्रित होई. आता तीच सामग्री जालावर ठेवण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या सहकार्याने झालेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातील शब्दनकाशे व ध्वनिमुद्रणे आज कोणाही वाचकास संकेतस्थळावर पाहता-ऐकता येतात. परंतु छापील पान आणि वेबपृष्ठ यांत एक मूलभूत भेद आहे. छापील पान मुद्रणालयात एकदाच घडते आणि प्रत्येक वाचकाच्या हाती सारखेच पडते. वेबपृष्ठ मात्र वाचनाच्या वेळी घडू शकते. त्यातही ते सामग्री साठविणाऱ्या सर्व्हरवर घडू शकते, वाचकाच्या हातातील मोबाइलच्या ब्राउझरमध्ये घडू शकते, किंवा काही अंशी येथे व काही अंशी तेथे घडू शकते.

पृष्ठ कोठे घडवावे हा निर्णय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः मजकूर कोणाला, किती वेळात आणि कोणत्या रूपात दिसणार, तसेच तो पुढील अभ्यासकांच्या संचयात उतरणार की नाही, हे या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तो समजून घेणे आवश्यक ठरते.

विवेचनाच्या सोयीसाठी गोंदिया जिल्ह्यातील बोलींचा एक शब्दसंग्रह जालावर ठेवावयाचा आहे असे येथे कल्पिले आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. उत्तरेस मध्य प्रदेश व पूर्वेस छत्तीसगड असल्यामुळे येथे प्रमाण मराठी व हिंदी यांच्या जोडीला झाडीबोली, पोवारी आणि गोंडी या भाषा-बोली नांदतात. अशा संग्रहाचा वाचक विद्यापीठातील प्राध्यापक असू शकतो, तसाच तो देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील वनालगतच्या गावात, साध्या मोबाइलवर आणि क्षीण संपर्कावर आपल्याच बोलीतील शब्द शोधणारा विद्यार्थीही असू शकतो. दोघांनाही संग्रह सारखाच उपयोगी पडावा, ही येथील कसोटी आहे.

२. दोन पद्धती आणि त्यांची पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या आणि १९९१ मध्ये सार्वजनिक झालेल्या मूळ जालात ब्राउझरचे काम मर्यादित होते. सर्व्हरने पाठविलेला चिन्हांकित मजकूर पडद्यावर दाखविणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे. पुढे पृष्ठ आधी तयार ठेवण्याऐवजी मागणी येताच सामग्रीकोशातून माहिती काढून ते सर्व्हरवर जुळविण्याची रीत आली. या रीतीस सर्व्हरवरील घडण म्हणावे. इंग्रजीत ‘रेंडरिंग’ म्हणतात त्या क्रियेसाठी ‘घडण’ हा शब्द येथे योजला आहे.

१९९५ मध्ये जावास्क्रिप्ट भाषा आली आणि ब्राउझरला स्वतः काही करण्याचे सामर्थ्य मिळाले. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत संपूर्ण पृष्ठ न बदलता सर्व्हरकडून थोडी माहिती मागविण्याची सोय दिली. २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गूगल मॅप्स यांनी या सोयीचा प्रभाव जगाला दाखविला. पुढील दशकात अँग्युलर आणि रिॲक्ट यांसारख्या साधनांच्या आधारे संपूर्ण पृष्ठच ब्राउझरमध्ये घडविण्याची रीत रूढ झाली. तीत सर्व्हर जवळजवळ रिकामा सांगाडा आणि एक मोठी आज्ञावली पाठवितो. ती आज्ञावली वाचकाच्या यंत्रावर चालू लागते, सामग्री मागविते आणि ती हाती आल्यावर पृष्ठ उभे करते. ही ब्राउझरमधील घडण होय.

दोन्ही पद्धतींचे गुणदोष परस्परविरुद्ध आहेत. सर्व्हरवर घडलेले पृष्ठ पोहोचताक्षणी वाचता येते. परंतु वाचकाने काही केले की प्रत्येक वेळी नवे पृष्ठ मागवावे लागते. ब्राउझरमध्ये घडणारे पृष्ठ एकदा उभे राहिले की तत्परतेने प्रतिसाद देते. परंतु उभे राहण्यासच वेळ लागतो. हा वेळ कसा लागतो ते पाहणे उद्बोधक आहे. प्रथम सांगाडा येतो. सांगाडा आल्यावर आज्ञावली मागविली जाते. आज्ञावली चालू लागल्यावर सामग्री मागविली जाते. या तीन फेऱ्या एकापाठोपाठच होऊ शकतात, कारण पहिली पूर्ण झाल्याविना दुसरी कशासाठी करावयाची हेच ब्राउझरला ठाऊक नसते. क्षीण संपर्कावर एका फेरीस अर्धा सेकंद लागतो असे धरले, तर तीन फेऱ्यांचा दीड सेकंद केवळ जाण्यायेण्यात जातो. आज्ञावली उतरविण्याचा व चालविण्याचा काळ निराळाच. उलट सर्व्हर व सामग्रीकोश बहुधा एकाच ठिकाणी असतात. त्यांच्यामधील फेरी काही सहस्रांश सेकंदांत होते. लांबचा प्रवास एकदाच आणि जवळचा प्रवास हवा तितक्या वेळा, असे ज्या योजनेत घडेल ती दूरच्या वाचकास हितकर, हे यावरून स्पष्ट होईल.

३. संमिश्र पद्धतीची रचना

या दोहोंचा मेळ घालणारी पद्धत म्हणजे पृष्ठाचे पहिले रूप सर्व्हरवर घडविणे आणि त्यानंतरचे सर्व व्यवहार ब्राउझरकडे सोपविणे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेक्स्ट जेएस व नक्स्ट या साधनांनी ही पद्धत सर्वसामान्य केली. तिचे टप्पे असे आहेत. वाचकाची मागणी येताच सर्व्हर सामग्रीकोशातून आवश्यक ती माहिती काढतो. त्या माहितीवरून तो पूर्ण वाचनीय पृष्ठ घडवितो. हे पृष्ठ पाठविताना ते ज्या माहितीवरून घडले ती माहितीही तो पृष्ठाच्या पोटात वेगळी बांधून ठेवतो. ब्राउझर पृष्ठ लगेच दाखवितो. वाचक वाचू लागतो. मागाहून आज्ञावली येते, ती बांधून दिलेली माहिती उचलते, त्या आधारे तेच पृष्ठ मनातल्या मनात पुन्हा घडविते आणि समोर दिसणाऱ्या पृष्ठाशी त्याचा मेळ बसवून त्यातील कळी, शोधपेटी, गाळण्या इत्यादी कार्यरत करते.

या शेवटच्या क्रियेस इंग्रजीत ‘हायड्रेशन’ हे नाव आहे. कोरड्या पृष्ठास पाणी देऊन जिवंत करणे अशी त्यामागील कल्पना. येथे तिला सचेतनीकरण म्हणू.

धानाच्या प्रदेशातील वाचकास ही पद्धत एका परिचित भेदावरून कळेल. आवत्या पद्धतीत बियाणे थेट बांधीत फेकले जाते आणि जे काही उगवावयाचे ते तेथेच उगवते. रोवणीत आधी पऱ्हे तयार करतात आणि ते वाढलेले रोप बांधीत लावतात. पुढील वाढ बांधीतच होते. केवळ ब्राउझरमधील घडण आवत्यासारखी, तर संमिश्र घडण रोवणीसारखी आहे. मात्र पऱ्हे लावून झाल्यावर त्याच बांधीत पुन्हा बियाणे फेकणे जसे व्यर्थ, तसे सर्व्हरने आणलेली माहिती ब्राउझरने पृष्ठ उघडताच पुन्हा मागविणेही व्यर्थ होय. ही चूक या पद्धतीत वारंवार आढळते. माहिती पृष्ठात बांधून देण्याचा टप्पा गाळला, तर सामग्रीकोशावर दुप्पट भार पडतो, आणि दुसरी मागणी पूर्ण होईपर्यंत वाचकासमोरील मजकूर काही वेळा नाहीसा होऊन पुन्हा प्रकटतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ओळ नाहीशी होणे हा सौंदर्याचा नव्हे, वाचनीयतेचा दोष आहे.

४. विकिपीडियाचे उदाहरण

श्रमविभागणीचे परिचित उदाहरण म्हणून विकिपीडियाकडे बोट दाखविता येईल. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गोंदिया जिल्ह्याचा लेख उघडला असता जे दिसते ते सर्व एकाच ठिकाणी घडलेले नसते. लेखाचा मजकूर मीडियाविकी या प्रणालीने सर्व्हरवर घडविलेला असतो, आणि त्याची तयार प्रत साठवून ठेवलेली असते. आशियातील वाचकांसाठी विकिमीडिया प्रतिष्ठानने २०१८ पासून सिंगापूर येथे अशा प्रतींचे केंद्र चालविले आहे. त्यामुळे लोकप्रिय पृष्ठासाठी दरवेळी अमेरिकेतील मूळ सर्व्हरपर्यंत जावे लागत नाही. लेखातील माहितीचौकटीत विकिडेटा या सामायिक सामग्रीकोशातून काही माहिती घेतलेली असेल, तर तीही लेख घडतानाच सर्व्हरवर आणली जाते. जावास्क्रिप्ट बंद केले तरी लेख वाचता येतो, ही या रचनेची खूण होय.

याउलट शोधपेटीत अक्षरे टंकित करताच खाली दिसणारी शीर्षके ब्राउझर स्वतः मागवितो. संगणकावर एखाद्या दुव्यावर दर्शक थांबविला की त्या लेखाचा सारांश छोट्या चौकटीत दिसतो. तोही त्या क्षणी मागवून ब्राउझरमध्येच मांडलेला असतो. रोमन कळफलकावरून देवनागरी अक्षरे उमटविणारी अक्षरांतरणाची सोय तर सर्वस्वी वाचकाच्या यंत्रावर चालते. प्रत्येक अक्षरासाठी सर्व्हरकडे जाणे अशक्यप्राय झाले असते. नकाशांच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचा मिलाफ दिसतो. लेखात आरंभी सर्व्हरने चितारलेले स्थिर चित्र असते. वाचकाने त्यावर टिचकी दिली म्हणजे मागे-पुढे सरकविता येणारा नकाशा ब्राउझरमध्ये उभा राहतो.

या उदाहरणातून एक तत्त्व निष्पन्न होते. प्रश्न संपूर्ण संकेतस्थळाविषयी विचारावयाचा नसतो. तो माहितीच्या प्रत्येक घटकाविषयी विचारावयाचा असतो. जो घटक सर्व वाचकांना सारखाच आणि वाचनाच्या आरंभीच हवा असतो, तो सर्व्हरवर घडावा. जो घटक एखाद्या वाचकाच्या विशिष्ट कृतीनंतरच अर्थपूर्ण होतो, तो ब्राउझरने मागवावा.

५. शब्दसंग्रहाची योजना

हे तत्त्व कल्पित शब्दसंग्रहास लावून पाहू. संग्रहातील प्रत्येक शब्दाची नोंद म्हणजे शब्द, उच्चार, व्याकरण, अर्थ, उदाहरणवाक्य आणि प्रचाराचा तालुका. ही नोंद क्वचितच बदलते. तेव्हा ती मागणीच्या वेळी घडविण्याचेही कारण नाही. संग्रहात सुधारणा होईल तेव्हाच सर्व पृष्ठे एकदा घडवून ठेवावीत आणि जशीच्या तशी पाठवावीत. सर्व्हरवरील घडणीचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ प्रकार होय, आणि छापील कोशाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे आहे.

शोधाचा व्यवहार निराळा आहे. वाचक कोणता शब्द शोधील हे आधी सांगता येत नाही. म्हणून शोधाच्या निकालाचे पहिले पृष्ठ मागणी आल्यावर सर्व्हरवर घडवावे. त्यामुळे निकालास स्वतःचा पत्ता मिळतो. एक विद्यार्थी तो दुसऱ्यास पाठवू शकतो आणि दुसऱ्यास तेच पृष्ठ दिसते. त्या निकालातून केवळ आमगाव तालुक्यातील शब्द किंवा केवळ शेतीविषयक शब्द वेगळे काढणे हे काम मात्र ब्राउझरकडे द्यावे. निकालाची सर्व माहिती पृष्ठासोबत आलेलीच असते. तीच चाळावयाची असल्याने नव्या फेरीची गरज पडत नाही. निकाल अनेक पृष्ठांचा असेल आणि पुढील भाग अद्याप आलेला नसेल, तर ही चाळणी अपुरी ठरेल, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे; अशा वेळी गाळणीची मागणीही सर्व्हरकडेच गेली पाहिजे.

ध्वनिमुद्रणे आकाराने मोठी असतात. वाचकाने कळ दाबल्यावरच ती मागवावीत. तालुकावार प्रचाराचा नकाशा विकिपीडियाप्रमाणे आधी स्थिर चित्राच्या रूपात असावा. एखादा भाग हळू तयार होणारा असेल, उदाहरणार्थ सबंध संग्रहातील समान शब्दांची तुलना, तर त्याच्यासाठी सर्व पृष्ठ अडवून ठेवण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्टच्या १८ व्या आवृत्तीने सर्व्हरवरील पृष्ठ तुकड्यातुकड्यांनी पाठविण्याची सोय विस्तृत केली आहे. तयार भाग आधी जातो, उशिराचा भाग त्याच प्रवाहात मागाहून येतो आणि आपल्या जागी बसतो.

६. दोन घडणींतील विसंगती

संमिश्र पद्धतीची खरी अडचण येथे सुरू होते, आणि ती मुख्यतः भाषेची आहे. एकच पृष्ठ दोन ठिकाणी दोनदा घडते. दोन्ही वेळा ते अक्षरशः सारखे घडले पाहिजे. न घडल्यास मेळ बसत नाही. रिॲक्टच्या १८ व्या आवृत्तीपासून अशा प्रसंगी त्या भागाची सर्व्हरवरील घडण टाकून देऊन तो ब्राउझरमध्ये नव्याने घडविला जातो. म्हणजे संमिश्र पद्धतीचा लाभच नाहीसा होतो. इंग्रजी पृष्ठात क्वचित उद्भवणारी ही विसंगती मराठी पृष्ठात तीन वाटांनी सहज शिरते.

पहिली वाट अंकांची. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. ही संख्या मराठी संकेतांनुसार लिही, असे जावास्क्रिप्टला सांगितले असता ती देवनागरी अंकांत आणि लक्ष-सहस्रांच्या गटांनी लिहिली जाते. हिंदी संकेतांनुसार लिही असे सांगितल्यास गट तेच राहतात, पण अंक मात्र रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे आंतरराष्ट्रीय येतात. कारण सर्व संगणकप्रणाली ज्यावर विसंबतात त्या सामायिक संकेतकोशात देवनागरी अंक मराठीसाठी प्रमाण धरलेले आहेत, हिंदीसाठी नाहीत. एकच लिपी असूनही दोन भाषांचे संकेत भिन्न असल्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोणतीच भाषा न सांगितल्यास प्रत्येक यंत्र आपापला संकेत वापरते: सर्व्हर बहुधा अमेरिकी इंग्रजीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंकांत १,३२२,५०७ अशा गटांनी, वाचकाचा मोबाइल मराठीत असेल तर मराठीचा, हिंदीत असेल तर हिंदीचा. मराठी व हिंदी दोन्ही नांदणाऱ्या सीमावर्ती जिल्ह्यात हे तिन्ही प्रकार संभवतात. भर म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या नोड जेएस या प्रणालीच्या सर्वसाधारण वितरणात २०१९ मधील १३ व्या आवृत्तीपूर्वी केवळ इंग्रजीचे संकेत अंतर्भूत असत. त्यामुळे मराठी स्पष्टपणे सांगूनही सर्व्हर इंग्रजी रूपच देत असे. उपाय साधा आहे. वाचकाच्या यंत्रावर विसंबू नये. पृष्ठाची भाषा प्रत्येक ठिकाणी नावानिशी सांगावी.

दुसरी वाट काळाची. सर्व्हर पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी अद्याप आदला दिवस असतो. ‘आजचा शब्द’ असे एखादे सदर संग्रहात ठेवले, तर या वेळात सर्व्हर कालचा शब्द घडवील आणि ब्राउझर आजचा. दिनांक एकाच ठिकाणी, भारतीय वेळेनुसार ठरवून तो माहितीसोबत पाठविणे हा येथील उपाय.

तिसरी वाट अक्षरांच्या अंतर्गत रूपाची. ती सर्वांत सूक्ष्म आणि कोशकारास सर्वांत घातक. वर आलेला ‘पऱ्हे’ हा शब्दच घ्यावा. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. ऱ हे स्वतंत्र वर्ण घेऊन त्यास हलन्त जोडणे हा एक प्रकार. र आणि खालचा नुक्ता मिळून तोच वर्ण साधून मग हलन्त जोडणे हा दुसरा. र ला हलन्त लावून पुढे न दिसणारे जोडचिन्ह देणे हा तिसरा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते तीन भिन्न शब्द आहेत. युनिकोडने ठरविलेली प्रमाणीकरणाची क्रिया पहिल्या दोन प्रकारांचे ऐक्य घडविते. तिसऱ्याचे घडवीत नाही. आता सर्व्हरवरील शोधात हे तिन्ही प्रकार एक मानण्याची व्यवस्था केली आणि ब्राउझरमधील गाळणीत ती करण्याचे राहून गेले, तर काय होईल? वाचक ‘पऱ्हे’ शोधतो, सर्व्हर नोंद शोधून पृष्ठ घडवितो, नोंद दिसते. मग आज्ञावली जागी होते, आपली गाळणी लावते आणि नोंद पुसून टाकते. शब्द संग्रहात असूनही वाचकास नाही असे सांगितले जाते. म्हणून अक्षरांच्या प्रमाणीकरणाचा नियम एकच असावा, तो एकाच ठिकाणी लिहिलेला असावा, आणि सर्व्हर व ब्राउझर दोघांनीही तोच वापरावा.

७. संमिश्र पद्धतीची किंमत

या पद्धतीत माहिती पृष्ठात दोनदा प्रवास करते: एकदा वाचनीय मजकूर म्हणून आणि एकदा बांधून दिलेली शिदोरी म्हणून. देवनागरीसाठी हा भार अधिक आहे. ‘गोंदिया’ या शब्दात युनिकोडची सात चिन्हे आहेत. जालावर रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे शब्दास २१. शिदोरी बहुधा जेसॉन या मांडणीत बांधलेली असते. पीएचपी आणि पायथन या भाषांतील रूढ साधने, वेगळे न सांगितल्यास, ती बांधताना प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी त्याचा सहा अक्षरी क्रमांक लिहितात. त्या रूपात तोच शब्द ४२ बाइट घेतो. दोन्ही मिळून ६३ बाइट. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला असता दोन्ही वेळचे मिळून केवळ १२ बाइट लागले असते. पाठविताना होणाऱ्या संकोचनाने ही तफावत पुष्कळ कमी होते हे खरे. तथापि संकोचन उलगडल्यानंतर मोबाइलला वाचावे लागते ते पूर्ण रूपच. क्रमांकरूप टाळून मूळ अक्षरे पाठविण्याची सूचना या साधनांना देता येते आणि ती अवश्य द्यावी.

याहून गंभीर गोष्ट शिदोरीत काय बांधले जाते ही आहे. क्षेत्रकार्यातील नोंदीत शब्दाबरोबर निवेदकाचे नाव, गाव, वय, क्वचित दूरध्वनी क्रमांकही असतो. पृष्ठावर केवळ शब्द, अर्थ व तालुका दाखवावयाचा असे ठरले, आणि सर्व्हरने सबंध नोंद काढून ती जशीच्या तशी शिदोरीत बांधली, तर निवेदकाची ओळख पृष्ठावर दिसत नसली तरी पृष्ठाच्या पोटात प्रत्येक वाचकाकडे जाते. पृष्ठाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय प्रत्येक संगणकी ब्राउझरमध्ये आहे. निवेदकास दिलेले वचन अशा रीतीने कोणाच्याही नकळत मोडले जाऊ शकते. केवळ सर्व्हरवरील घडणीत हा धोका उद्भवत नाही, कारण तेथे न छापलेले ते न पाठविलेले असते. संमिश्र घडणीत मात्र दाखविणे आणि पाठविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. तेव्हा सामग्रीकोशातून काढतानाच जेवढे दाखवावयाचे तेवढेच काढावे. उरलेले सर्व्हरच्या बाहेर पडूच नये. हा नियम तंत्रज्ञावर न सोपविता संशोधकाने स्वतः लेखी घालून द्यावा.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल की संमिश्र पद्धती म्हणजे दोन पद्धतींची सरमिसळ नव्हे. माहितीच्या घटकागणिक केलेली ती विभागणी आहे. स्थिर नोंद आधीच घडवावी. शोधाचा पहिला निकाल मागणीनुसार सर्व्हरवर घडवावा. वाचकाच्या कृतीतून उद्भवणारे सर्व ब्राउझरवर सोडावे. जे एकदा आणले ते पुन्हा मागवू नये. आणि भाषा, दिनांक व अक्षररूप यांचे नियम दोन्हीकडे एकच ठेवावेत.

या विभागणीत मूळ मजकूर सर्व्हरवर घडण्याचा आग्रह का धरावयाचा, याचे आणखी एक कारण आहे आणि बोलींच्या दृष्टीने ते निर्णायक ठरावे. गूगलसारखी शोधयंत्रणा आज जावास्क्रिप्ट चालवून पृष्ठ वाचू शकते. परंतु जगातील अनेक भाषिक संचयांचा जो मोठा आधार आहे, तो २००७ मध्ये स्थापन झालेल्या कॉमन क्रॉल या संस्थेचा जालसंग्रह, सर्व्हरने पाठविलेला मूळ मजकूर तेवढा उचलतो; आज्ञावली चालवीत नाही. जो शब्द केवळ ब्राउझरमध्ये उमटतो, तो या संग्रहाच्या दृष्टीने लिहिलाच गेलेला नसतो. इंग्रजीसारख्या भाषेचा विपुल मजकूर जालावर असल्याने तिला अशा गळतीची झळ लागत नाही. झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी यांचे तसे नाही. त्यांचा जालावरील मजकूर इतका थोडा आहे की एका संग्रहाच्या घडणीतील निवड त्यांच्या लिखित अस्तित्वाचा मोठा भाग दृश्य किंवा अदृश्य करू शकते. क्षेत्रकार्याचे कष्ट घेऊन जमविलेला शब्द वाचकाच्या पडद्यावर क्षणभर दिसून विरून जाणार की पुढील अभ्यासकाच्या हाती पोहोचणार, हे पृष्ठ कोठे घडले यावर ठरते. यास्तव संकेतस्थळाची योजना आखताना हा प्रश्न पहिल्याच बैठकीत, आणि भाषेच्या अभ्यासकाच्या उपस्थितीत, निकालात काढला जाणे इष्ट होय.